बाहेर खाण्यापिण्याचे इंग्रजी : काउंटरपासून बिलापर्यंत

इंग्रजी शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत खाद्यपदार्थांचा एक धडा असतो आणि त्यात फळे, भाज्या, डाळी, भांडी यांच्या लांबलचक याद्या असतात. त्या याद्या मुखोद्गत असलेला माणूसही परदेशातल्या कॉफीच्या काउंटरपुढे उभा राहिला की गडबडतो. शब्द त्याला येत असतात. समोरच्याने भराभर विचारलेला प्रश्न मात्र कळत नाही. म्हणून आपल्याला काय बोलायचे आहे यापेक्षा आपल्याला काय विचारले जाणार आहे ते आधी शिकावे, असे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. मुलांकडे लंडनला, न्यू जर्सीला किंवा मेलबर्नला काही महिने राहायला जाणारे आईवडील, प्रथमच बाहेर शिकायला निघालेले विद्यार्थी आणि पुण्या-मुंबईच्या कॅफेत इंग्रजी बोलताना अवघडणारे सर्वजण यांच्यासाठी हा लेख आहे. इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने म्हणतच पुढे जावे.

पहिली पायरी : वहीची आखणी

दोनशे पानी वही घ्या आणि तिचे भाग मुळाक्षरांप्रमाणे न करता प्रसंगांच्या क्रमाने करा : आत शिरणे आणि जागा मिळवणे, मेन्यू वाचणे, ऑर्डर देणे, खाताना बोलणे, तक्रार करणे, बिल देणे. प्रत्येक पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला वेटर किंवा काउंटरवरचा माणूस काय म्हणेल ते लिहा आणि उजव्या बाजूला आपले उत्तर लिहा. सुटा शब्द वहीत घ्यायचाच नाही, हा नियम कटाक्षाने पाळावा. ‘नॅपकिन’ असे न लिहिता ‘कुड वी हॅव सम मोअर नॅपकिन्स, प्लीज?’ असे लिहिले की शब्द, व्याकरण आणि सभ्यता या तिन्ही गोष्टी एकदमच पाठ होतात.

दुसरी पायरी : मागण्याची तीन वाक्ये

मराठीत ‘एक कॉफी द्या’ हे वाक्य पूर्णपणे सभ्य आहे, कारण आदर ‘द्या’ या क्रियापदातच सामावलेला असतो. इंग्रजीत तसा आदरार्थी प्रत्यय नाही. त्यामुळे तेच वाक्य ‘गिव्ह मी वन कॉफी’ असे नेले की तो हुकूम होतो, आणि बोलणाऱ्याच्या मनात तसे काहीही नसताना तो उद्धट ठरतो. ही अडचण तीन साच्यांनी कायमची सुटते. ‘कुड आय हॅव अ कॉफी, प्लीज?’ हा सर्वांत सभ्य आणि कुठेही चालणारा साचा आहे. ‘आयल हॅव द टोमॅटो सूप, प्लीज’ हे वेटर वही घेऊन उभा असताना म्हणायचे. ‘कॅन आय गेट अ लार्ज लाटे?’ हे अमेरिकेत सर्रास ऐकू येते आणि तिथे त्यात काहीही वावगे नाही. ‘वन कॉफी’ऐवजी ‘अ कॉफी’ म्हणावे. दोन हव्या असतील तर ‘टू कॉफीज’ म्हणायला संकोच करू नये. दुकानात कॉफी कपांनीच मोजली जाते.

आपल्या बोलण्यातले आणखी एक वळण इथेच सुधारून घ्यावे. मराठीत आपण ‘हॉटेलात जेवलो’ म्हणतो, पण इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. बाहेर जेवलो हे सांगायला ‘वी एट आउट’ किंवा ‘वी वेंट आउट फॉर डिनर’ म्हणावे. ‘जेवण झाले का?’ याला ‘हॅव यू हॅड लंच?’ म्हणतात आणि ‘चहा घेणार का?’ याला ‘वुड यू लाइक सम टी?’ म्हणतात.

तिसरी पायरी : कॉफीचा काउंटर

सुरुवात कॉफीपासून करण्याचे कारण असे की हा संवाद जेमतेम मिनिटभराचा असतो, जवळपास सगळीकडे एकाच क्रमाने चालतो आणि त्यात ऐकण्याचा सराव भरपूर होतो. ब्रिटनमधल्या एखाद्या कॅफेत तो साधारण असा होईल.

‘हाय, व्हॉट कॅन आय गेट यू?’
‘कुड आय हॅव अ कपुचिनो, प्लीज?’
‘रेग्युलर ऑर लार्ज?’
‘रेग्युलर, प्लीज.’
‘इज नॉर्मल मिल्क ओके?’
‘येस, दॅट्स फाइन.’
‘ईट इन ऑर टेक अवे?’
‘टेक अवे, प्लीज.’
‘एनिथिंग एल्स?’
‘नो, दॅट्स ऑल, थँक्स.’

छापलेला हा संवाद सोपा दिसतो. प्रत्यक्षात मात्र पहिले वाक्य ‘व्हॉट्कनाय गेच्यू’ असे एका दमात येते, आणि नंतरच्या प्रश्नांतले क्रियापद गळून केवळ शेवटचे दोन-तीन शब्द उरतात. म्हणून ऐकताना सगळे वाक्य पकडण्याचा हट्ट सोडावा आणि ‘ऑर’ या शब्दावर कान ठेवावा. ‘ऑर’ आला की त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पर्याय असतात आणि त्यांतला एक परत म्हणणे हेच उत्तर असते. दुधाच्या प्रश्नाला मात्र ‘ऑर’ असेलच असे नाही. तिथे ‘मिल्क’ एवढे ऐकू आले तरी गाईचे दूध, ओट, सोया किंवा आमंड यांपैकी काय हवे असे विचारले आहे, हे समजून घ्यावे.

बसून पिणार की नेणार, या प्रश्नाची रूपे देशागणिक बदलतात. अमेरिकेत ‘फॉर हिअर ऑर टु गो?’ विचारतात, ऑस्ट्रेलियात ‘हॅव हिअर ऑर टेक अवे?’ विचारतात. आपल्याकडचा ‘पार्सल’ हा शब्द बाहेर या अर्थाने कळत नाही, कारण तिथे पार्सल टपालाने येते. ब्रिटनमध्ये या उत्तरावर किंमतही अवलंबून असते : थंड सँडविच बरोबर नेले तर त्यावर सहसा मूल्यवर्धित कर लागत नाही, आणि तेच तिथे बसून खाल्ले तर 20 टक्के कर लागतो. काही दुकानांत एकाच पदार्थापुढे दोन किमती दिसतात त्या यामुळे.

आता कॉफीची नावे पाहू. ती बहुतेक इटालियन आहेत आणि कपात काय आहे हे एकदा समजले की पाठ करावी लागत नाहीत. एस्प्रेसो म्हणजे दाबाखाली काढलेला 25 ते 30 मिलिलिटरचा कडक अर्क. उच्चार ‘एस्प्रेसो’ असा करावा, ‘एक्स्प्रेसो’ असा नव्हे. त्यात गरम पाणी घातले की अमेरिकानो होते. भरपूर गरम दूध आणि वर पातळसा फेस असेल तर लाटे, फेस जाड असेल तर कपुचिनो. माकियातो या शब्दाचा अर्थ ‘डाग पडलेला’ असा आहे, म्हणजे एस्प्रेसोवर दुधाचा नुसता ठिपका. फ्लॅट व्हाइट ही ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची देणगी. ती कोणाची, यावर त्या दोन देशांत अजून वाद चालतो. चॉकलेट घातलेल्या मोकाचे नाव येमेनमधल्या मोखा बंदरावरून आले आहे. सूफी संत बाबा बुदन यांनी आपल्याकडे कॉफीच्या बिया आणल्या त्या याच बंदरातून, अशी चिकमगळूर भागातली परंपरा सांगते.

मराठी माणसाची हमखास निराशा करणाऱ्या दोन गोष्टी इथेच सांगून ठेवतो. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलातली फिल्टर कॉफी डोळ्यांसमोर ठेवून लंडनमध्ये ‘फिल्टर कॉफी’ मागितली तर कागदी गाळणीतून गाळलेली काळी कॉफी मिळते. दुसरी गोष्ट तापमानाची. दुधाची कॉफी करताना दूध उकळत नाहीत, ते साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंतच वाफेने तापवतात, त्यामुळे आपल्याला ती कोमट लागते. कढत हवी असेल तर ऑर्डर देतानाच ‘एक्स्ट्रा हॉट, प्लीज’ म्हणावे.

कपाच्या मापांचे शब्दही दुकानागणिक वेगळे असतात. स्टारबक्सने भारतात पहिले दुकान ऑक्टोबर 2012 मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलजवळ उघडले तेव्हापासून ‘टॉल’, ‘ग्रांदे’, ‘व्हेंटी’ हे शब्द आपल्या कानांवर आहेत, पण त्यांतला ‘टॉल’ नावाप्रमाणे उंच नसून लहान मापांपैकी आहे. तो 354 मिलिलिटरचा असतो आणि ग्रांदे 473 मिलिलिटरचा. ही नावे आठवली नाहीत तर ‘स्मॉल’, ‘मीडियम’, ‘लार्ज’ म्हणावे. कुठेही काम भागते.

चौथी पायरी : मेन्यू वाचणे

मेन्यूवरच्या पदार्थांची नावे पाठ करण्याच्या मागे लागू नये, कारण ती संपत नाहीत. त्याऐवजी पदार्थ कसा केला आहे हे सांगणारे शब्द शिकावेत. ते पंधरा-वीसच असतात आणि त्यांवरून ताटात काय येणार याचा अंदाज बांधता येतो. ग्रिल्ड म्हणजे जाळीवर भाजलेले, रोस्टेड म्हणजे ओव्हनच्या कोरड्या आचेवर खरपूस भाजलेले, बेक्ड हा शब्द पाव-केकांसाठी आणि ओव्हनमधल्या इतर पदार्थांसाठीही, स्टीम्ड म्हणजे वाफवलेले, डीप-फ्राइड म्हणजे तळलेले, सॉटेड म्हणजे थोड्या तेलावर परतलेले, मॅश्ड म्हणजे कुस्करलेले, स्टफ्ड म्हणजे भरलेले. ‘स्टफ्ड’ शिकताना भरली वांगी आठवावीत. शब्द पुन्हा विसरला जात नाही. स्मोक्ड म्हणजे धुरी दिलेले, आणि हा शब्द बहुधा मासे, मांस किंवा चीज यांच्यासोबत येतो.

मेन्यूच्या विभागांची नावे मात्र फसवी असतात. सुरुवातीच्या पदार्थांना ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे स्टार्टर म्हणतात, अमेरिकेत ॲपेटायझर. ‘ऑन्ट्रे’ हा शब्द अमेरिकेत मुख्य पदार्थासाठी वापरतात, तर ऑस्ट्रेलियात तोच शब्द सुरुवातीच्या पदार्थासाठी आहे. हा फरक माहीत नसेल तर पोट भरण्याइतके काही येतच नाही. ब्रिटनमध्ये शेवटच्या गोड पदार्थाला सरसकट पुडिंग म्हणतात, परंतु यॉर्कशर पुडिंग गोड नसते आणि ब्लॅक पुडिंगमध्ये तर रक्त असते.

भाज्यांची नावे तीन देशांत तीन आहेत. वांग्याला आपण ब्रिंजल म्हणतो, ब्रिटनमध्ये ओबर्जीन, अमेरिकेत एगप्लँट, आणि या एगप्लँटमध्ये अंडे नाही हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे. ढोबळी मिरची आपल्याकडे आणि ऑस्ट्रेलियात कॅप्सिकम, ब्रिटनमध्ये पेपर, अमेरिकेत बेल पेपर. कोथिंबीर ब्रिटनमध्ये कोरिअँडर, अमेरिकेत सिलान्ट्रो. ब्रिटनमध्ये चिप्स मागितल्या तर गरम फ्रेंच फ्राइज येतात. पाकिटातल्या वेफर्सना तिथे क्रिस्प्स म्हणतात. ज्या देशात जायचे आहे त्या देशाचाच रकाना पाठ करावा, बाकीचे सोडून द्यावेत.

पाचवी पायरी : काय खात नाही ते सांगणे

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. इथे चुकलेला शब्द नुसता हशा होऊन संपत नाही. नको असलेली वस्तू पोटात जाते, आणि ॲलर्जी असेल तर जिवावर बेतते.

‘नॉन-व्हेज’ आणि ‘प्युअर व्हेज’ हे आपल्या देशातले शब्द आहेत. बाहेर ‘व्हेजिटेरियन’ म्हटले की अंडी आणि दूध चालते असेच गृहीत धरतात, आणि ‘व्हीगन’ म्हटले की दूध, दही, लोणी, मध हे सगळे वर्ज्य होते. ज्याला दूध चालते पण अंडे चालत नाही अशा आपल्याकडच्या असंख्य लोकांसाठी तिथे एक रूढ शब्द नाही. म्हणून नावाच्या फंदात न पडता सरळ वाक्य म्हणावे : ‘आय डोन्ट ईट मीट, फिश ऑर एग्ज, बट मिल्क इज फाइन.’ ‘फिश’ वेगळे सांगणे आवश्यक आहे, कारण ‘मीट’मध्ये मासे येत नाहीत असे मानणारे पुष्कळ आहेत. जैन कुटुंबांनी पुढे जोडावे : ‘नो अनियन, नो गार्लिक, नो पोटॅटोज ऑर एनी रूट व्हेजिटेबल्स.’

यानंतर लपलेल्या जिनसांचे प्रश्न येतात. भाज्यांचे सूप कोंबडीच्या पाण्यात केलेले असू शकते, तेव्हा विचारावे : ‘इज द सूप मेड विथ चिकन स्टॉक?’ ग्रेव्ही हा शब्द आपल्याकडे कोणत्याही रश्शासाठी वापरतात, पण ब्रिटनमध्ये ग्रेव्ही म्हणजे परंपरेने मांसाच्या रसापासून केलेले सॉस, आणि मॅश्ड पोटॅटोवर ते सहज ओतले जाते. पेपरोनी नावाचा मिऱ्यांशी किंवा मिरचीशी संबंध जोडू नये. ते मांसाचे काप असतात. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे असतात, थाई भाजीत फिश सॉस असते, जेलीच्या गोळ्यांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले जिलेटिन असते. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या पाचक रसाने विरजवलेले असते. या सर्वांसाठी एकच साचा पुरतो : ‘डझ धिस हॅव एनी… इन इट?’ मधल्या रिकाम्या जागी हवा तो जिन्नस घालावा.

ॲलर्जीच्या बाबतीत ‘आय डोन्ट ईट पीनट्स’ म्हणू नये. ते आवडीनिवडीचे वाक्य वाटते. ‘आय हॅव अ पीनट ॲलर्जी’ किंवा ‘माय डॉटर इज अलर्जिक टु पीनट्स’ असे म्हणावे. भुईमुगाचे दाणे पीनट्स आणि काजू, बदाम, अक्रोड हे ट्री नट्स, असे दोन गट तिथे मानतात, तेव्हा दोन्हींची ॲलर्जी असेल तर दोन्ही सांगावीत. ब्रिटनमध्ये 14 ठरावीक ॲलर्जीकारक जिनसांची माहिती ग्राहकाला देणे उपाहारगृहांवर कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यांत मोहरी व तीळ यांचाही समावेश आहे. म्हणून असा प्रश्न विचारताना कानकोंडे होण्याचे काहीही कारण नाही. भारतातल्या पाकिटांवरची हिरव्या ठिपक्याची खूण तिथे दिसणार नाही. पाकिटावर ‘सूटेबल फॉर व्हेजिटेरियन्स’ हे शब्द शोधावेत, आणि ‘कन्टेन्स’ म्हणजे आहेच, तर ‘मे कन्टेन’ म्हणजे अंश असण्याची शक्यता आहे, हा भेद ओळखावा.

सहावी पायरी : चवीचे शब्द

जेवताना ‘हाउ इज इट?’ या प्रश्नाला सगळेच ‘गुड’ किंवा ‘टेस्टी’ म्हणतात आणि बोलणे तिथेच थांबते. मराठीत चवींचे आणि पोतांचे शब्द इतके आहेत की त्यांच्याच आधाराने इंग्रजी शब्द शिकावेत. कुरकुरीत भज्याला क्रिस्पी, गाजर-काकडीसारख्या करकरीत वस्तूला क्रंची, चिवट नानला च्युई, मिळमिळीत किंवा अळणी भाजीला ब्लँड, आंबटगोड चटणीला टँगी, तुपाने जड झालेल्या शिऱ्याला रिच. ‘हॉट’ हा एकच शब्द गरम आणि तिखट या दोन्ही अर्थांनी येतो, म्हणून तिखट सांगायचे असेल तर ‘स्पायसी’ म्हणावे. परदेशातल्या भारतीय उपाहारगृहात ‘माइल्ड, मीडियम ऑर हॉट?’ असे विचारले जाते तेव्हा तो प्रश्न तिखटाचाच असतो. अंड्यांच्या बाबतीत आपला ‘हाफ फ्राय’ बाहेर सांगून कळेलच असे नाही. ‘सनी साइड अप’ म्हणावे.

उच्चारांचे चार खड्डे इथेच बुजवून घ्यावेत. पिण्याचे ते ‘सूप’ आणि अंगाला लावायचा तो ‘सोप’. गोड पदार्थ ‘डिझर्ट’, जोर दुसऱ्या अक्षरावर, आणि वाळवंट ‘डेझर्ट’. सॅमन माशातला ‘ल’ आणि रिसीटमधला ‘प’ उच्चारायचे नाहीत. ‘कुक’ म्हणजे स्वयंपाक करणारा माणूस. ‘कुकर’ म्हटले की ब्रिटनमध्ये शेगडी समजतात.

सातवी पायरी : तक्रार आणि बिल

तक्रार करताना वाक्य दोषारोपाने सुरू करू नये. ‘एक्स्क्यूज मी, आय थिंक देअर्स बीन अ मिक्स-अप. आय आस्क्ड फॉर इट विदाउट एग.’ एवढे शांतपणे म्हटले की बहुधा ताट बदलून मिळते. थंड पदार्थासाठी ‘कुड यू वॉर्म धिस अप, प्लीज?’ म्हणावे. उरलेले अन्न न्यायचे असेल तर ‘कुड आय हॅव अ बॉक्स फॉर धिस?’ असे विचारावे. अमेरिकेत ताट उचलण्यापूर्वी ‘आर यू स्टिल वर्किंग ऑन दॅट?’ विचारतात, त्याचा कामाशी काही संबंध नसतो. खाऊन झाले का, एवढाच तो प्रश्न असतो. आग्रहाला नको म्हणताना ‘आयम फुल, थँक्स’ किंवा ‘आयम गुड, थँक्स’ म्हणावे.

बसल्याबसल्या ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग?’ म्हणजे साधे पाणी की बुडबुड्यांचे, असे विचारले तर दोन्ही प्रकारचे पाणी विकतचे असते. इंग्लंडमध्ये मद्यपरवाना असलेल्या उपाहारगृहाला मागितल्यावर नळाचे पाणी फुकट द्यावेच लागते. ‘जस्ट टॅप वॉटर, प्लीज’ एवढे पुरे. बिलाला अमेरिकेत ‘चेक’ म्हणतात आणि तिथे 15 ते 20 टक्के टिप देण्याची रीत आहे. ब्रिटनमध्ये ती साधारण 10 ते 12.5 टक्के असते आणि अनेकदा सर्व्हिस चार्ज म्हणून आधीच बिलात धरलेली असते, म्हणून पैसे देण्यापूर्वी ‘इज सर्व्हिस इन्क्लुडेड?’ असे विचारून घ्यावे. वाटून द्यायचे असेल तर ‘कॅन वी स्प्लिट द बिल?’ म्हणावे.

रोजचा सराव

निघण्यापूर्वी दोन महिने हाती असतील तर रोज वीस मिनिटे पुरतात. ज्या गावी जायचे आहे तिथल्या एखाद्या उपाहारगृहाचा मेन्यू इंटरनेटवर उघडावा आणि त्यातून स्वतःसाठी आणि घरातल्या एका माणसासाठी जेवण निवडून मोठ्याने ऑर्डर द्यावी. घरातल्या कोणालातरी वेटर करावे आणि त्याला वहीची डावी बाजू हातात द्यावी. प्रश्नांचा क्रम त्याने मुद्दाम बदलायला हवा, नाहीतर आपण प्रश्न न ऐकताच उत्तर देऊ लागतो. स्वयंपाक करताना आपण काय करत आहोत ते इंग्रजीत पुटपुटत राहावे : ‘आयम चॉपिंग द अनियन्स, आयम सोकिंग द राइस.’ चिरणे, किसणे, भिजवणे, मळणे, गाळणे यांची क्रियापदे याहून लवकर कशानेही येत नाहीत. कानांसाठी एखादी छोटी ध्वनिचित्रफीत घेऊन आधी न वाचता ऐकावी, मग खालची अक्षरे पाहून ऐकावी आणि मग बोलणाऱ्याच्या पाठोपाठ त्याच वेगाने म्हणावी. वहीतले पान दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने उजवी बाजू झाकून पुन्हा म्हणून पाहावे.

सर्वांत शेवटी फोनवरून टेबल राखून ठेवण्याचा सराव करावा. हे काम अवघड आहे, कारण समोर चेहरा नसतो आणि बोटाने दाखवायला मेन्यूही नसतो. ‘आयड लाइक टु बुक अ टेबल फॉर फोर, ऑन सॅटर्डे ॲट सेव्हन थर्टी’ हे मुख्य वाक्य. ब्रिटनमधला माणूस उत्तरादाखल ‘हाफ सेव्हन?’ म्हणाला तर दचकू नये, तो साडेसातच म्हणत असतो. नाव विचारल्यावर आडनावाची अक्षरे सुटी सांगावी लागतात, आणि फोनवर ‘डी’ व ‘टी’, ‘पी’ व ‘बी’ यांत घोटाळा होतो. म्हणून ‘डी फॉर डेल्टा, ई फॉर एको, एस फॉर शुगर’ असे आपल्या आडनावाचे प्रत्येक अक्षर आधीच वहीत लिहून ठेवावे. फोन ठेवण्यापूर्वी ‘सो दॅट्स फोर पीपल, सॅटर्डे, सेव्हन थर्टी?’ असे स्वतःहून उलट विचारावे आणि पलीकडून ‘येस’ आल्याखेरीज फोन ठेवू नये.